रेवती, एकूण चौसष्ट

वहिनीने कागद वाचला, त्याची आधी दुहेरी, मग चौपदरी घडी घातली आणि वाकून ती पाळण्याच्या एका पायाखाली सरकवली. पाळणा दोन दिवस डुगडुगत होता म्हणे. तिने हाताने दाबून बघितला. आता हलत नव्हता.

"कामाला आला," ती म्हणाली.

कागदावर तीन नावं होती. ती शोधायला मला पाच महिने लागले होते.

"वहिनी, बारसं चार वाजता आहे," मी म्हणाले. "साडेदहा झालेत. तीनातलं एक सांग, बाकीचं मी बघते."

"तीनातलं एकही नको."

"का?"

"नको म्हणजे नको, वन्सं."

"काहीतरी कारण असेल ना?"

"आहे. पण तुम्ही आकडे मागाल." तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. "आणि अजून एक. नाव तुमच्या तोंडून नको."

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. ते बाळ दुसरीत गेलं. पण त्या खोलीतला शेकशेगडीचा आणि ओव्याचा वास आठवला की मला अजून राग येतो. फक्त तो कुणाचा येतो, ते मधल्या काळात बदललंय.

तेव्हा राग वहिनीचा आला होता. सरळ आणि भरपूर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही तिच्या माहेरी, आटपाडीच्या पलीकडच्या एका गावात होतं. तिचे वडील तिथे बांगड्यांचं दुकान चालवत. आई, दादा आणि मी विट्याहून सकाळीच निघून आलो होतो. मागच्या सीटवर बाळंतविडा, पेढे आणि माझी लॅपटॉपची बॅग. बारशाला लॅपटॉप कशाला, असं आईने दोनदा विचारलं होतं. कुणी शंका काढली तर आलेख दाखवता यावेत म्हणून, असं मी दोनदा सांगितलं होतं. मी तेवीस वर्षांची होते, संख्याशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते, आणि जगात कुणी शंका काढली की आलेख दाखवायचा असतो असं मला वाटायचं.

काम दादानेच दिलं होतं. वहिनीला चौथा महिना लागला तेव्हा तो म्हणाला, "प्राजू, मुलगा झाला तर मी बघतो. पण मुलगी झाली तर असं नाव काढ, की साठ वर्षांनीपण जुनं वाटायला नको. दुकानात बघतेस ना? एकेक नाव घालताना हसू येतं."

आमचं विट्यात भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांवर नावं घालून द्यायचं काम अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः करायचे. मजकुरात चूक नको म्हणून गिऱ्हाईक तो कार्बन लावलेल्या वहीत आपल्या हाताने लिहून देई, आणि शेवटच्या रकान्यात अण्णा त्यांचा शेरा लिहीत: पातेली सहा, तांब्या एक, गुरुवारी देणे. १९८१ पासूनच्या वह्या माळ्यावर होत्या. अण्णा गेले तरी आम्ही त्या रद्दीत घातल्या नव्हत्या.

त्यातली लग्नाच्या भांड्यांवरची नवऱ्यामुलींची नावं मी वेगळी काढली. नवरी सरासरी एकवीस वर्षांची धरली. वहीतल्या सालातून एकवीस वजा केले की जन्मसाल. बारशाच्या वाटी-चमच्यावरच्या नावांना वजाबाकी नाही. एकूण नऊ हजार तीनशे नावं झाली. बहुतेकांचा आलेख डोंगरासारखा येत होता: चढतो, पंधरा-वीस वर्षं टिकतो, उतरतो. माझंच नाव घ्या. दहावीला वर्गात आम्ही चार प्राजक्ता होतो. आमचा डोंगर उभा आणि टोकदार आहे, आणि पन्नाशी आली की आम्ही चौघी एकाच सुमारास जुन्या वाटायला लागणार.

पण काही थोड्या नावांचा आलेख सपाट होता. संख्या लहान, पण दर पाच वर्षांत जवळपास तेवढीच. जी नावं फॅशन म्हणून आली नव्हती, ती फॅशन म्हणून जाणारही नव्हती. मीरा. गौरी. मैथिली. रेवती.

त्यातलं रेवती मी बाळासाठी घेतलं नाही, कारण ते वहिनीला देऊन झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नाव द्वारका होतं. द्वारका मुरलीधर रासने, रसायनशास्त्रात बी.एस्सी. आई म्हणाली होती, "मुलगी लाखात एक आहे गं, पण हाक मारताना देवळात उभी असल्यासारखं वाटतं." मी तेव्हा कॉलेजातल्या प्रकल्पासाठी पहिल्या दहा वह्या मोजल्या होत्या, आणि त्यातली सपाट रेषेची नावं माझ्याकडे तयार होती. मी रेवती सुचवलं. सगळ्यांना आवडलं. लग्नात तांदळाच्या ताटात दादाने अंगठीने ते लिहिलं तेव्हा मी शेजारीच होते. वहिनी कशी दिसत होती ते मी सांगू शकत नाही, कारण मी अक्षर बघत होते. माहेराहून आलेल्या भांड्यांवरचं द्वारका आम्ही दुकानातल्या चाकावर घासून काढलं आणि त्या जागी रेवती घातलं. एका दुपारचं काम होतं. मीच केलं.

तर खोलीतून मी तणतणत बाहेर आले. सोप्यात आई आणि वहिनीची आई घुगऱ्यांची पातेली झाकत होत्या. वहिनीच्या आईला मी मावशी म्हणायचे. बुटक्या, कामाच्या, कमी बोलणाऱ्या.

"द्वारके," मावशींनी आत बघून हाक दिली, "पोरीला टोपडं घातलंस का गं?"

"विहीणबाई, आता रेवती म्हणायची सवय करा की," आई हसून म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"व्हय, व्हय," मावशी म्हणाल्या. पातेल्यावर ताटली ठेवली. मग आधीपेक्षा मोठ्याने ओरडल्या, "द्वारके! टोपडं!"

मी आईला बाजूला घेतलं. दादा अंगणात गाडी पुसत होता, त्यालाही बोलावलं आणि झालं ते सांगितलं.

"नाव ठेवायचा मान आत्याचा," आई म्हणाली. "आईला कोण विचारतं त्यात? माझ्या दोन्ही पोरांना मला कुणी विचारलं नव्हतं."

"बाळंतीण आहे ती," दादा म्हणाला. "चिडचिड होणारच. तू असं कर, चार वाजता पाळण्याजवळ गेलीस की कागदातलं कुठलंही एक कानात सांग आणि मोठ्याने म्हणून टाक. आलेल्या बायकांपुढं ती काय करणार आहे?"

"मैथिली म्हण," आई म्हणाली. "मला मैथिली आवडलंय."

मी हो म्हणाले. हे लिहून ठेवणं भाग आहे. मला इतका राग आला होता की मी लगेच हो म्हणाले. पाच महिन्यांचं काम पाळण्याच्या पायाखाली गेलं होतं, तेही एका विज्ञानाच्या पदवीधर बाईच्या हातून.

पण "तुम्ही आकडे मागाल" हे वाक्य मला सोडत नव्हतं. कारण नसतं तर तिने तसं म्हटलं नसतं. म्हणजे कारण होतं, आणि ते मोजता येण्यासारखं होतं. मी तासभर मोगऱ्याच्या वेण्या पाळण्याला बांधायच्या दोरीत ओवल्या, आणि मग बॅग उचलून परत खोलीत गेले.

बाळ झोपलं होतं. वहिनी लंगोटांच्या घड्या घालत होती.

"मागते आकडे," मी म्हणाले. "सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाजेवरचे लंगोट सरकवून जागा केली. "तुमच्या वह्यांत रेवती किती आहेत?"

"चौसष्ट."

"पाठ आहे?"

"हो."

"चौसष्टातल्या जन्मापासून रेवती किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे आईबापांनी रेवती ठेवलेल्या किती, आणि सासरच्यांनी ठेवलेल्या किती? सोपं आहे की. मी चौसष्टात आहे का नाही?"

"आहेस."

"आणि द्वारकात?"

मला उत्तर माहीत होतं.

वह्यांमध्ये काही नोंदी अशा होत्या की शेवटच्या रकान्यात अण्णांनी 'जुने घासून' असा शेरा लिहिला होता. माहेरचं नाव काढून त्याच भांड्यांवर सासरचं घालायचं. गिऱ्हाईक मजकुरात दोन्ही नावं लिहून देई, कुठलं काढायचं आणि कुठलं घालायचं ते. बाई एक, नावं दोन. दोन्ही धरली तर बेरीज फुगते. म्हणून मी जुनं नाव गाळलं होतं आणि शेवटचं ठेवलं होतं. एक बाई, एक नाव. अहवालात मी या निर्णयाला दीड ओळ दिली होती आणि सरांनी समासात बरोबरची खूण केली होती.

मी लॅपटॉप उघडला. गाळलेल्या नोंदी वेगळ्या पानावर होत्याच. रेवती लावून बघितलं.

"किती?" वहिनीने विचारलं.

"एक्केचाळीस."

"चौसष्टातल्या?"

"हो."

"बाकीची?"

गौरी एकशे दोन, त्यातल्या सत्तावन्न. मीरा अठ्ठेचाळीस, त्यातल्या एकतीस. मैथिली एकवीस, त्यातल्या सोळा. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, कारण ती विचारत होती आणि थांबायला मला काही निमित्त सापडत नव्हतं.

वहिनीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि बोटाने खाली सरकवत वाचायला लागली. "एकोणीसशे ब्याऐंशी, द्रौपदी, रेवती घालणे. सत्त्याऐंशी, सखू, रेवती घालणे. एक्क्याण्णव, चंद्रभागा. शहाण्णव, कमल. दोन हजार चार, मंगल. दोन हजार अकरा, संगीता." ती हसली. "बघा, संगीतापण जुनी झाली. तिच्या आईने तेव्हा केवढ्या हौसेने ठेवली असेल."

मला सगळं एकदम दिसलं, आणि मला ते नको होतं. माझी सपाट रेषा त्या नावांच्या अंगच्या गुणाने सपाट नव्हती. दर पिढीत ज्या मुलींची नावं जुनी वाटायला लागायची, त्यांची घरोघरी घासून काढली जायची आणि तिथं हीच चार-पाच घातली जायची. जुनं न होणारं नाव म्हणजे सुनेला द्यायचं नाव. माझ्याच बापाने शेवटच्या रकान्यात ते वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं, आणि मी तो रकाना लपवून उरलेल्याचा आलेख काढला होता.

"ही मी," वहिनी म्हणाली. तिचं बोट शेवटच्या ओळींपैकी एकीवर होतं. "रासने. द्वारका काढून रेवती. भांडी सत्तावीस. शेरा तुमच्या अक्षरात असेल."

"हो."

"ह्या बाईला एक पत्र आलं होतं. आठवतंय?"

"कुणाला?"

"ह्याच बाईला. द्वारका रासनेला. गेल्या साली श्रावणात. रजिस्टर पत्र."

मला आठवत नव्हतं. तिने लंगोट खाली ठेवला आणि एकेक शब्द मोजल्यासारखी सांगायला लागली. आवाज चढवला नाही; बाळ झोपलं होतं. एका संस्थेच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा होती. तिने अर्ज केला होता. सगळी प्रमाणपत्रं द्वारका रासने नावाची, म्हणून अर्जही त्याच नावाने. पत्ता आमचा: वेळापुरे स्टील सेंटरच्या वर, मेन रोड, विटा. लेखी परीक्षा झाली. त्यात ती पहिली आली, हे तिला नंतर कळलं. मुलाखतीला या, असं पत्र निघालं. फोन नंबर अर्जावर जुना होता. अर्ज भरल्यानंतर दादाने तिला नवं सिम घेऊन दिलं होतं.

"पोस्टमन बदलीवरचा होता," वहिनी म्हणाली. "त्याने दुकानात येऊन विचारलं, द्वारका रासने इथं राहतात का. गल्ल्यावर तुम्ही होता. समोर तुमच्या प्रकल्पाच्या वह्या पसरल्या होत्या. तुम्ही मान वर न करता सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही, मागच्या आळीत रासन्यांची चार घरं आहेत तिकडं विचारा."

आता आठवलं. पोस्टमनचा चेहरा नाही, पण त्याच्या हातातला तपकिरी लिफाफा आठवला, आणि मोजणी मध्येच तुटल्याचा वैताग आठवला. पहिल्यापासून मोजावं लागलं होतं.

"महिन्याने मी कॉलेजात फोन केला. ते म्हणाले, पत्र परत आलं, त्यावर लिहिलंय, या नावाची व्यक्ती येथे राहत नाही. दुसऱ्या बाईला घेतलं त्यांनी. मी आणि माझी आई पोस्टात जाऊन बसलो, तो माणूस येईपर्यंत. त्याने सांगितलं, दुकानातल्या ताई म्हणाल्या."

"वहिनी, मी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान तुमच्या लक्षात असते मी."

बाहेर आई कुणाला तरी रांगोळी कुठे काढायची ते सांगत होती.

"मला हे कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"तुमच्या दादांना सांगितलं. त्याच दिवशी."

मग मी जे बोलले, ते मला त्या क्षणी फार मोठं वाटलं होतं. "हिचं नाव द्वारका ठेवू या. मी ठेवते. सगळ्यांसमोर."

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटातली भाकरी उचलली आहे.

"माझं नाव हिला देता? आणि मी काय करू?" ती म्हणाली. "मला अजून वापरायचंय ते."

मी अंगणात आले. दादा गाडीच्या काचेवर कागद फिरवत होता.

"पत्राचं तुला माहीत होतं?"

"कुठलं पत्र?" तो म्हणाला, आणि मग माझं तोंड बघून, "अगं, ते होय. सोड ना आता. आज बारसं आहे."

"माहीत होतं का?"

"तुला वाईट वाटलं असतं, प्राजू. तुझी परीक्षा होती तेव्हा."

"माझी?"

"तू काय मुद्दाम केलं होतंस का? झालं ते झालं. आणि आई म्हणाली, नाहीतरी आज ना उद्या बाळ होणार, नोकरी कुठं टिकली असती."

"म्हणजे आईलाही माहीत होतं."

"हळू बोल."

"मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि ती इथं येईपर्यंत मी त्या बाईला आलेख समजावून सांगत होते! तिच्याच ताटात जेवत, तिलाच सांगत होते की हे नाव बघ, किती टिकाऊ आहे!"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि फाडला. काचा पुसायच्या कागदाने त्याचं काय बिघडत होतं कुणास ठाऊक, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. दादाला मी जे बोलले ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. त्यातलं बरंचसं खरं होतं. पण त्याच्यावर ओरडणं फार सोपं जातंय, हे ओरडतानाच मला कळत होतं. नोकरी त्याने घालवली नव्हती. मान वर न करता जे वाक्य बोललं गेलं, ते माझं होतं.

चार वाजता बायका जमल्या. वीस-पंचवीस असतील. पाळणा सोप्यात आणून ठेवला होता, वेण्यांनी सजवलेला. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं, मग आत निजवलं. वहिनी नवी साडी नेसून पाळण्याच्या डोक्याशी पाटावर बसली होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मग बाळाकडे. तिला अजून माहीत नव्हतं मी काय करणार आहे. तिच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या.

"आत्याबाई, या पुढं!" कुणीतरी म्हणालं.

आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली की मागच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. गमतीचे असतात. 'कुर्रर्र' करतात आणि हसतात. मी पाळण्याशी गेले तशा पाचसहा जणी हात उगारून माझ्या मागे उभ्याच राहिल्या. आई माझ्या कानाशी आली. "मैथिली," ती कुजबुजली. "स्पष्ट म्हण."

मी वाकले. बाळाने डोळे उघडे ठेवले होते आणि ते पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे बघत होतं. मी कानाशी तोंड नेलं आणि काही बोलले नाही. मग मान वर केली.

"वहिनी, हिचं नाव काय?"

आई म्हणाली, "अगं, तू सांगायचंस ना?"

"मला माहीत नाही. हिच्या आईला माहीत आहे."

"आत्या असताना आईने नाव ठेवायचं, ही कुठली पद्धत?"

"आत्याने घरात आधीच एक नाव ठेवलंय, आई," मी म्हणाले. "तेवढं बास झालं."

आईचा चेहरा लाल झाला. एक बाई दुसरीला म्हणाली, "काय झालं गं?" दादा दारात उभा होता; तो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला.

वहिनी पाटावरून उठली. टाके अजून दुखत असणार, तिने पाळण्याचा दांडा धरला. ती वाकली, बाळाच्या कानात तीनदा काहीतरी बोलली, आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शालिनी."

माझ्या तक्त्यात शालिनीची शेवटची नोंद १९८६ च्या जन्माची होती. त्यापुढे बत्तीस वर्षं शून्य.

"शालिनी?" दादा म्हणाला. "अगं, शाळेत पोरं हसतील."

"हसू देत. म्हातारी झाल्यावर कुणी हसणार नाही."

"पण शालिनीच का?"

"मला आवडतं," वहिनी म्हणाली. "माझं बदललं तेव्हा मी विचारलं होतं का, रेवतीच का?"

आईने पदर खोचला आणि घुगऱ्यांकडे गेली. बायका एकमेकींकडे बघत होत्या. माझ्या मागच्या पाचसहा जणींचे हात अजून उगारलेलेच होते. ते कुणाच्या पाठीत घालायचे हे त्यांना कळत नव्हतं. ओल्या बाळंतिणीला तर मारता येत नाही.

"आता बुक्के कुणाला गं?" त्यातली एक हसून म्हणाली.

"आत्यालाच," मावशी म्हणाल्या.

सकाळपासून त्या मला चहा दे, पाणी दे, बसायला दे, एवढंच करत होत्या. त्या कधी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. मी अजून पाळण्यावर अर्धवट वाकलेलीच होते.

पहिला बुक्का दोन्ही खांद्यांच्या मधे बसला. माझा श्वास अडकला. पाळण्याचा दांडा धरला म्हणून तोल गेला नाही. बाकीच्या बायका 'कुर्रर्र' करून हसल्या आणि त्यांनी पाठीला नुसते हात लावले, खेळातले. मावशी हसत नव्हत्या. मी मान वळवून बघितलं. त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या, लेकीबरोबर पोस्टात त्या माणसाकडे बघितलं असेल तशा, आणि त्यांनी हात पुन्हा उचलला होता.

मी पाठ सरळ केली नाही.